तिसरं वर्ष पाहणारे नाना

नाना समोरच्याचं बोलणं डोळे मिटून ऐकायचे. नवख्या माणसाला वाटे, यांना डुलकी लागली. चौलजवळच्या आमच्या कॉलेजात ते हेडक्लार्क होते. त्यांच्या खिडकीबाहेर सुपारीची बाग होती, आणि दुपारी तिची हिरवी सावली टेबलावरच्या कागदांवर हलत राहायची. प्रवेशाला आलेली मुलगी विषयांची यादी वाचायची. नाना डोळे मिटून म्हणायचे, "थांब जरा, तुझं तिसरं वर्ष बघतो." मग शांतपणे सांगायचे की हे दोन विषय जोडीने घेतलेस तर पुढे दोन्हींचे तास एकाच वेळी येतील, त्यापेक्षा हा घे.

मी तिथे संगणक शिकवायचे. पदवीची नवी रचना आली आणि मुख्य विषय, दुय्यम विषय, क्रेडिट, मध्येच थांबून परत येण्याची सोय यांत मुलं पार गोंधळून गेली. प्रत्येकाला आपल्या पदवीचा आराखडा आखायला मदत करेल अशी संगणक प्रणाली घ्यायचं प्राचार्यांनी ठरवलं. ती कोण वापरणार, कधी, कशासाठी, हे आधी लिहून काढायचं काम माझ्याकडे आणि नानांकडे आलं.

पंधरा दिवस खपून मी चाळीस पानं लिहिली. चौकोन, बाण, तक्ते, सगळं होतं त्यात. नानांनी ती सावकाश उलटली, चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, यात पोरं कुठं हायत?"

मला राग आला. पानोपानी 'वापरकर्ता' लिहिलं होतं मी. नाना वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटीवर मागे बसून ते मला रेवदंड्याच्या बंदरावर घेऊन गेले. वाटेत धुकं होतं. वाड्यांमधून ओल्या पानांचा वास येत होता आणि खाडीवर होड्या अशा उभ्या होत्या, जणू त्यांच्याखाली पाणीच नव्हतं. तिथे हर्षदा तिच्या आईबरोबर मासळी निवडत होती. दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून गेलेली मुलगी. मी तिला शिकवलं होतं, आणि ती दिसेनाशी झाल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

नानांनी तिला काही विचारलं नाही. ते तिच्याशेजारी दगडावर बसले. हळूहळू तिनेच सांगितलं. तिने घेतलेल्या दुय्यम विषयाचा तास सकाळी साडेसातला असायचा आणि त्याच वेळी होड्या लागायच्या. हजेरी कमी भरली, परीक्षेला बसता आलं नाही, क्रेडिट अपुरे पडले. एका विषयापायी पुढचं वर्ष अडतं, हे तिला कळलं ते थेट निकालाच्या दिवशी. "मना कोनी आधी सांगला असता, त मी दुपारचा विषय घेतला असता," ती म्हणाली आणि पुन्हा मासळी निवडू लागली.

परतल्यावर मी चाळीस पानं बाजूला ठेवली आणि हर्षदाच्या एका सकाळपासून नव्याने लिहायला घेतलं. ती किती वाजता उठते, हजेरी घसरू लागली की प्रणालीला कधी कळावं, कळल्यावर तिला कोणी बोलवावं. नाना शेजारी बसून एकेक सुचवत. पडद्यावर वाट बंद झाल्याचं दाखवलं, तर तिथेच दुसरी वाटही दाखवायची, हा त्यांचा आग्रह. प्राचार्यांना वाटत होतं, प्रणालीनेच विषय नेमून द्यावेत, म्हणजे चुका टळतील. एरवी त्यांच्यापुढे मान खाली घालणारे नाना त्या बैठकीत उभे राहिले. "प्रणालीनं नुसतं दाखवावं, सर. ठरवील ते पोरगंच," एवढंच म्हणाले आणि बसले. ते वाक्य आमच्या नव्या टिपणात तसंच राहिलं. जूनमध्ये हर्षदा दुपारचा विषय घेऊन परत आली.

प्रणाली आली तेव्हा चाचणीसाठी एक काल्पनिक विद्यार्थी हवा होता. नाना सांगत गेले, मी भरत गेले. वाणिज्य शाखा, मूळ गाव श्रीवर्धन. पहिली दोन वर्षं पूर्ण. तिसऱ्या वर्षी वडील आजारी, परीक्षेला गैरहजर. त्याच वर्षी कॉलेजात शिपाई म्हणून नोकरी. तिथे माझा हात थांबला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बागेकडे पाहत होते.

"लिहा, मॅडम. पुढं काय सांगते ती बघू."

पडद्यावर उरलेल्या विषयांची यादी उमटली. चार ओळी. इतक्या जुन्या गुणांना आता मोल नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी नाना त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

"इतकंच राहिलं होतं?" ते म्हणाले.

नंतर त्यांनी ती नोंद माझ्याकडून पुसून घेतली. खऱ्या पोरांच्या यादीत भलतं नाव नको, म्हणाले. पुढच्याच महिन्यात ते निवृत्त होऊन श्रीवर्धनला गेले आणि वर्षभरात तिथेच वारले.

आता दर सोमवारी मी मागे पडलेल्या मुलांची यादी काढते आणि एकेकाला स्वतः फोन करते. पलीकडे बहुतेक वेळा लाटांचा नाहीतर इंजिनाचा आवाज असतो आणि मूल ओशाळलेलं असतं. मग काय चुकलं हे मी विचारत नाही. किती राहिलंय, एवढं आधी सांगते.