कॉम्प्युटरच्या सरांचा लॅपटॉप

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. त्यामुळं स्वतःच्या लॅपटॉपवर नवी सिस्टीम टाकायला कुणाची मदत घेणं मला शोभलं नसतं. अपग्रेड निम्म्यात अडकलं आणि स्क्रीन काळी पडली. दहावीच्या मुलांचे तोंडी परीक्षेचे गुण फक्त त्यातच होते, आणि ते दुसऱ्याच दिवशी भरायचे होते. मी बेंबळीहून धाराशिवची एसटी धरली.

स्टँडजवळच्या दुकानात दुरुस्तीला पन्नाशीच्या एक बाई होत्या. ताप बघावा तसा त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवर तळहात ठेवला.

"काय केलंत?"

"मी कॉम्प्युटरचा शिक्षक आहे. काहीच केलं नाही. आपोआप झालं."

त्यांनी हात काढून घेतला. "सर, दुखणं लपवल्यावर औषध कसं लागू पडंल?"

मग मी कबूल केलं. जागा कमी असल्याची सूचना न वाचताच घालवली होती, आणि वैतागून तीनदा बटण दाबून लॅपटॉप मध्येच बंद केला होता.

त्या हसल्या नाहीत. आधी गुणांची फाईल पेनड्राइव्हवर काढली, मग जुनी सिस्टीम परत आणली.

"बऱ्याच जणांचं असं होत असेल ना?" मी आशेनं विचारलं.

"व्हय. पण शिक्षकांचं लई. त्यांना विचारायची सवय नसती."

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीनं काहीतरी अवघड विचारलं. मी म्हणालो, "मला माहीत नाही, विचारून सांगतो." सरांची तब्येत बरी आहे ना, अशा नजरेनं सगळा वर्ग माझ्याकडं बघत राहिला.