काकांसाठी पुस्तक सुचवा

कपाटात पुस्तकं साठत नाहीत तेवढे आमच्या ग्रुपमध्ये पुस्तकांचे किस्से साठतात. पुस्तक निदान परत तरी द्यावं लागतं, किस्सा कोण परत मागतंय! रविवारी सकाळी छावणीत शाहीन आपांच्या गच्चीवर आम्ही जमतो आणि आपापलं आवडतं पुस्तक दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. आपा कादंबरीवाल्या. वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करणारा सचिन खून आणि भुतांवर जगणारा. मी कुणी काही दिलं तर नाही म्हणू न शकणारी. आणि मुकुंदवाडीहून रिक्षानं येणारे निवृत्तीकाका-काकू. आता नुसते काका.

*

काकू होत्या तेव्हाची गोष्ट. सचिननं त्यांना एक रहस्यकथा दिली होती. पुढच्या रविवारी काका जिना चढतानाच ओरडले, "खुनी कंपाउंडर हाय!"

माझा त्या पुस्तकाचा नंबर पुढचा होता. झालं, मजाच गेली!

"पण मेलं कोण?" काकांनी विचारलं.

"काका, पहिल्याच पानावर मेलाय ना तो!" सचिन म्हणाला.

"ते पान हिच्याकडं असतं."

मग उलगडा झाला. पुस्तक एक, वाचणारे दोघं. पहिला अर्धा भाग काकूंचा, पुढचा काकांचा. जेवताना काकू सुरुवात सांगायच्या, मग काका उरलेलं वाचून शेवट सांगायचे.

"मी अजून सांगितलं पण नाय, तोवर यांनी शेवट उरकला," काकू म्हणाल्या. "दम म्हणून निघत नाय या माणसाला!"

*

काकू गेल्या. काका येत राहिले, चहा प्यायचे आणि रिकाम्या हातानं जायचे. आयुष्यभर अर्ध्यातून वाचत आलेल्या माणसाला सुरुवात कुठून करायची, हेच कळेना. त्यांना पुन्हा वाचतं करायचं, असं आम्ही तिघांनी ठरवलं.

आपांनी विनोदी पुस्तक दिलं. "काका, हंसी रुकेगी नहीं!"

आठवड्यानं ते परत आलं.

"हसू नाय आलं?"

"आलं की, आपा. मग हसून बाजूला बघितलं."



*

यानंतरचा किस्सा माझा. सचिननं मला एक भयकथा दिली होती. मी कुकरच्या शिट्टीनं दचकते! ते पुस्तक घरात ठेवायची माझी छाती होईना, म्हणून न वाचताच मी काकांना सुचवलं. "खूप छान आहे, काका!"

संध्याकाळी सचिननं फोनवर सांगितलं, "अगं, त्यात मेलेली बायको रोज नवऱ्याच्या दारात येऊन उभी राहते!"

मी लगेच काकांना फोन लावला. "काका, ते पुस्तक वाचू नका, प्लीज!"

"मागची चार पानं बघितली की."

"सॉरी काका, खरंच मला माहीत नव्हतं..."

"ती बिचारी रोज येती," काका म्हणाले, "अन् तो गडी आतून कडी लावून घेतो! येडंय का ते?"

*

मग मी शहाणपणा केला. पाककृतींचं पुस्तक सुचवलं! कुठूनही उघडावं, सुरुवात नाही की शेवट नाही. काका खरंच कामाला लागले आणि रविवारी येसर आमटीचा डबा घेऊन आले. आपांनी एक घोट घेतला आणि पदर तोंडाला लावला.

"काका, नमक किती टाकलं?"

"पुस्तकात लिव्हलंय 'मीठ चवीनुसार'," काका म्हणाले. "कुणाच्या चवीनुसार, ते नाय लिव्हलं."

*

शेवटी मीच म्हटलं, "काका, पहिला अर्धा भाग मी वाचते आणि तुम्हाला सांगते. पुढचा तुम्ही वाचा." चुकू नये म्हणून एका प्रवासवर्णनाची मी परीक्षेसारखी तयारी केली. गावं, डोंगर, धर्मशाळा, सगळं क्रमानं सांगितलं. काकांनी निमूट ऐकून घेतलं.

"बरोबर सांगितलं ना?" मी विचारलं.

"लई बरोबर, पोरी."

तरी त्यांनी पुस्तक उचललं नाही.

"ती सगळं खोटं सांगायची," काका म्हणाले. "कंटाळा आला की पानं गाळायची अन् मनचं घालायची. पुढं वाचताना मला कळायचं, मग आमचं भांडण. तू भांडायला कायच ठेवलं नाय."

*

आणि हा गेल्या महिन्यातला. काकांनी आपांच्या कपाटातून आपणहून एक जाडजूड प्रेमकथा नेली होती. कुणी सुचवली नव्हती! रविवारी आले ते पुस्तक छातीशी धरून. आणि पहिल्या पानापासून गोष्ट सांगायला लागले. वाड्यावरची पोरगी, शाळेतला मास्तर, तिच्या भावाची तलवारकट मिशी, सगळं हातवारे करून! चहावर साय आली तरी कुणी कप उचलला नाही. मास्तर बदलीचा कागद खिशात घालून तिच्या दाराशी उभा राहिला आणि काका थांबले.

"फिर? तिनं दार उघडलं का?" आपांनी विचारलं.

"काय ठाव."

"अहो काका, अर्धं पुस्तक राहिलंय की!" सचिन म्हणाला.

"माझ्या वाटणीचं झालं," काका म्हणाले.

आपांनी पुस्तक घ्यायला सवयीनं हात पुढं केला. काकांनी ते पिशवीत ठेवलं.

"राहू द्या थोडे दिस, आपा. ती जरा सावकाश वाचती."