वहिनींचा बदली विद्यार्थी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी वाहिनीवर दुपारी एक वाजता विद्यापीठाची व्याख्याने लागत. ज्यांना कॉलेजात जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी ही सोय होती. अशी माणसे दुपारी एक वाजता बहुधा नोकरीवर असतात, हे योजना आखणाऱ्यांच्या कानावर गेले नसावे.

माझ्या वहिनी त्यांपैकीच. स्वारगेटजवळच्या एका कचेरीत त्या कारकून होत्या आणि बाहेरून बी.कॉम. करत होत्या. पदवी मिळाली तर वरच्या जागेसाठी त्यांचे नाव जाणार होते. सांख्यिकीत त्या दोनदा नापास झाल्या होत्या आणि साहेबांनी आणखी एकाच परीक्षेपुरते थांबायचे कबूल केले होते. मी वर्तमानपत्रात उपसंपादक, रात्रपाळीचा. दुपारी कर्वेनगरच्या घरी मोकळा. तेव्हा तास मी ऐकायचा आणि टिपण वहिनींनी वाचायचे, असे ठरले.

प्राध्यापक सुटाबुटात, इंग्रजीतून शिकवत. फळ्यावर लिहिताना ते नेमके लिहिलेल्यापुढे उभे राहत. कोणी ‘सर, दिसत नाही’ म्हणण्याची शक्यता नव्हती, हे त्यांनी ओळखले असावे.

मी मन लावून टिपणे काढली. सवयीप्रमाणे महत्त्वाचे आधी, बाकीचे जागा उरल्यास. आठवड्याने वहिनींनी वही उघडली.

"भाऊजी, हे काय? ‘प्रमाण विचलन चार असल्याचे प्राध्यापकांनी आज स्पष्ट केले.’"

"आलं ना चार."

"कसं आलं?"

"ते लांबत होतं. कापलं."

"अहो, मार्क त्या कापलेल्याला असतात!"

"पण अख्खा तास तीन ओळींत बसवलाय."

"हो ना. माझं नापास होणंही बसवा तीन ओळींत. फोटो देते."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिल्लक होती तेवढी सगळी रजा टाकली. महिनाभर एकच्या ठोक्याला त्या टीव्हीसमोर बसल्या आणि कुकर माझ्याकडे आला. प्राध्यापक फळ्यापुढून हलत नसत. तोवर वहिनी ते उदाहरण वहीत स्वतःच मांडत आणि ते बाजूला झाले की ताडून पाहत. दोनदा वहिनींचे आधी सुटले. एकदा भाताला करपल्याचा वास येत होता, तरी उठल्या नाहीत.

सांख्यिकीत वहिनी काठावर पास झाल्या. वरच्या जागेसाठी नाव गेले. माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाल्या, "सातातले पाच सोडवायचे होते. दोन प्रश्न तुम्ही ऐकलेल्या तासांवरचे निघाले. तेवढेच सोडून दिले."