प्रशियन उशिरा आले

आमच्या घरात वॉटर्लूची लढाई महिन्यातून एकदा तरी व्हायची. रविवारी सकाळी नऊला तोफा सुरू व्हायच्या आणि आईनं जेवायला हाक मारेपर्यंत नेपोलियन हरलेला असायचा. नेपोलियन मी असायचे.

स्वारगेटजवळच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये आई, माझा मोठा भाऊ आणि मी असे तिघं राहत होतो. दादा एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होता, मी टेलिफोन ऑफिसात. बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला एक इंग्रजी पुस्तक सापडलं. नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर छोटे सैनिक मांडून, पट्टीनं अंतर मोजून आणि फासे टाकून कशा खेळायच्या, याचे नियम त्यात होते. पहिली चार पानं नव्हती. ती दादानं स्वतःच्या डोक्यानं रचली आणि आमचं वेड सुरू झालं.

सैनिक विकत मिळण्यासारखे नव्हतेच. पेठेत एक मुसलमान गृहस्थ छापखाना चालवायचे. त्यांच्याकडचे झिजलेले खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, दादा वजनावर घेऊन आला. "आयुष्यभर लग्नपत्रिका छापल्या या शिशानं," ते म्हणाले होते, "आता तुम्ही त्याला लढाईवर धाडताय. तसा फार फरक नाही म्हणा." दादानं प्लास्टरचे साचे केले आणि बाल्कनीत स्टोव्हवर शिसं वितळवलं. तो स्टोव्ह आईनं पुन्हा स्वयंपाकाला वापरला नाही. "एवढे घोडे झालात आणि भातुकली खेळताय," एवढंच ती म्हणाली.

रंगवायचं काम माझं. करंगळीच्या पेराएवढे तीनशेच्या वर सैनिक मी शून्य नंबरच्या ब्रशनं रंगवले. त्यात दोन वर्षं गेली. फ्रेंच निळे, इंग्रज लाल, आणि तिसरं सैन्य प्रशियनांचं, जवळजवळ काळं. खऱ्या लढाईत नेपोलियन आणि इंग्रज दिवसभर झुंजले आणि दुपारनंतर पूर्वेकडून प्रशियन इंग्रजांच्या मदतीला आले, तिथं नेपोलियन संपला. आमच्याकडेही तसंच व्हायचं. इंग्रज आणि प्रशियन दोन्ही दादाकडे, मी एकटी.

हरण्याचं मला काही वाटायचं नाही. दोन प्लायवूडचे तक्ते दिवाणावर टाकून त्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघं बसायचो, आणि त्या चार-पाच तासांत दादा पूर्ण माझा असायचा. तो मिशीचं टोक चावायला लागला की त्याची डावी बाजू लंगडी आहे हे मला कळायचं. आठ वर्षं हे चाललं. आपण हे असंच चालवू, असं मी धरून चालले होते.

मग दादाचं लग्न झालं.

वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी लहान, शाळेत भूगोल शिकवायची. मला थट्टेनं 'वन्सं' म्हणायची, आणि पुढे तेच नाव पडलं. स्वभावानं चांगली होती. ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. पहिले दोन महिने ती रविवारी आईबरोबर आत असायची. तिसऱ्या महिन्यात ती दारात उभी राहून बघू लागली. मग एका रविवारी तिनं माझा एक घोडेस्वार उचलला आणि उजेडाकडे धरला.

"डोक्याला धरू नकोस," मी म्हणाले, "रंग जातो."

तिनं तो लगेच ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, "वन्सं, एक विचारू? तुम्ही दर वेळी आधी त्या डावीकडच्या वाडीवरच का हल्ला करता?"

"नेपोलियननं केला म्हणून."

"पण तो हरला ना?"

दादा इतका हसला की त्याच्या हातातली पट्टी खाली पडली. मला मात्र कानशिलं तापल्यासारखं झालं. आठ वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता, आणि दादानंही तो मला कधी विचारला नव्हता.

त्यानंतर संध्याकाळी ते दोघं नकाशा घेऊन बसायला लागले. ती त्याला उंचवटे, ओढे, चिखल असं काय काय सांगायची. पलीकडच्या खोलीत मी पेपर वाचत असल्याचं दाखवायचे. तिला तो मिशी चावताना दिसत असेल का, असं मनात यायचं आणि मी तीच ओळ पुन्हा वाचायचे. एकदा ती खरंच म्हणाली, "अहो, मिशी सोडा. उजवी बाजू उघडी पडलीय ना?" उजवी म्हणाली ती. मी आठ वर्षं डावी समजत होते. आणि ती बरोबर होती.

एका शुक्रवारी जेवताना दादा म्हणाला, "या रविवारी हिला नेपोलियन देऊन बघू. तू प्रशियन घे."

"मी प्रशियन?"

"अगं, जिंकणारी बाजू आहे. तुलाही एकदा जिंकल्याचा आनंद."

त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. त्याच्या दृष्टीनं तो मला बढती देत होता.

प्रशियन म्हणजे काय, हे खेळल्याशिवाय कळणार नाही. लढाई सुरू होते तेव्हा ते पटावर नसतातच. त्या रविवारी माझं सैन्य बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात उभं होतं आणि ते झाकण मांडीवर घेऊन मी दिवाणाच्या कोपऱ्याला बसले होते. तीन तास. समोर नवरा-बायकोची लढाई चालली होती. वहिनीनं वाडीला हात लावला नाही. तिनं तोफा मधल्या उंचवट्यावर आणल्या आणि सगळा जोर दादाच्या उजव्या बाजूवर लावला. दादा "अरेच्चा" म्हणाला. मग "बरं" म्हणाला. मग नुसता तिच्याकडे बघत राहिला. माझ्याशी खेळताना तो पटाकडे बघायचा.

मी रंगवलेले निळे सैनिक तिच्या हातांनी पुढे सरकत होते. तिनं त्यांना पायाशी धरलं होतं, अगदी मी सांगितलं होतं तसं. त्याचाही मला राग आला.

नियम असा होता की लढाईच्या घड्याळात दुपारचे चार वाजले, की त्या खेळीपासून प्रशियनांनी दर खेळीला एक फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडले की सैन्य पटावर. मी झाकणातच फासा टाकत होते. पहिल्यांदा दोन पडले, दुसऱ्यांदा तीन. मी खरं तेच सांगितलं.

तिसऱ्यांदा सहा पडले.

"किती?" दादानं विचारलं. त्याची उजवी बाजू मोडत आली होती आणि त्याला माझी खरोखर गरज होती.

"एक," मी म्हणाले आणि फासा उचलला.

का केलं ते मला तेव्हाही माहीत होतं. कारखान्यातल्या कॅरममध्ये हरला की दादा दोन-दोन दिवस फुगून बसायचा. मी त्याला कधी हरवलंच नव्हतं, त्यामुळे माझ्यावर ती वेळ आली नव्हती. तिच्यावर यावी, असं मला वाटलं. त्यानं तिच्याकडे पाठ करून बसावं, आणि पुढच्या रविवारी ती आत आईजवळ असावी. पुढच्या खेळीला पाच पडले, मी दोन सांगितले. त्यानंतर काय पडलं ते मी पाहिलंसुद्धा नाही.

इंग्रज हरले. वहिनीचे निळे सैनिक थेट दादाच्या गुडघ्याशी येऊन उभे राहिले. तो क्षणभर पटाकडे पाहत राहिला आणि मग उठून त्यानं तिचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "आई!" तो ओरडला, "बाहेर ये! तुझ्या सुनेनं वॉटर्लू जिंकली!" त्याला इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं. माझ्या मांडीवर झाकणात साठ प्रशियन तसेच उभे होते.

जेवणानंतर वहिनी ओट्याशी भांडी विसळत होती, मी पुसत होते. तिनं नळ बंद केला.

"वन्सं, सहा पडले होते."

"कधी?"

"तिसऱ्या वेळी. मी तोफ सरकवायला वाकले होते, तेव्हा झाकणात दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, तुम्ही मला मदत करताय. मला फार बरं वाटलं." ती थांबली. "मग तुमच्याकडे बघितलं."

मी पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला घेतलं. ती म्हणाली, "आता त्यांना सांगू नका. किती खूश झालेत," आणि नळ पुन्हा सुरू केला.

तिथून पुढे मी खेळणं सोडलं. रविवारची ड्यूटी लागते म्हणून सांगितलं, आणि खरंच मागून घेतली. दादा-वहिनी वर्षभर खेळले असतील. मग मुलगी झाली आणि तक्ते माळ्यावर गेले. पुढे त्यांनी वारज्याला फ्लॅट घेतला. मी आईबरोबर जुन्याच जागेत राहिले. लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी.

लढाई संपली, पण गोष्ट संपली नाही. घरी कोणीही आलं, पाहुणा, साहेब, मुलीच्या मैत्रिणी, की दादा सुरू करायचा. "आमच्या हिनं मला वॉटर्लूवर हरवलंय. नेपोलियनला जमलं नाही ते हिनं केलं." दर वेळी गोष्ट थोडी वाढायची. वहिनी मान खाली घालून हसायची आणि तेवढ्यात एकदा माझ्याकडे बघायची. त्या बघण्यात धाक नव्हता. पण तीस वर्षं तिच्या विजयाची कथा ऐकताना मला दोन्ही गोष्टी सोसाव्या लागल्या. तो विजय खोटा आहे हे मला माहीत होतं. आणि त्यातली माझी आठ वर्षं दादाच्या तोंडी कधीच येत नव्हती. सैनिक कोणी रंगवले, हेसुद्धा नाही.

दादाच्या साठीला वारज्याच्या घरी जेवण होतं. वीसेक माणसं होती. श्रीखंडाच्या वाट्या फिरत असताना जावयानंच विषय काढला आणि दादा रंगात आला. शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाला, "खोटं वाटत असेल तर हिला विचारा. साक्षीदार आहे."

"साक्षीदार नाही," मी म्हणाले, "आरोपी."

सगळे हसले. मी सांगून टाकलं. सहा पडले होते, मी एक सांगितलं. नंतर पाच पडले होते, मी दोन सांगितले. मी वेळेवर आले असते तर वहिनी हरली असती.

विवेकबुद्धी जागी झाली म्हणून मी हे सांगितलं, असं म्हणता आलं तर बरं होईल. तसं नव्हतं. तीस वर्षांनीही त्यानं तिचं कौतुक केलेलं मला ऐकवत नव्हतं, म्हणून मी बोलले.

दादानं वहिनीकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"हो," ती म्हणाली.

तो उठून आतल्या खोलीत गेला. जावई श्रीखंड छान झालंय म्हणाला, आणि लोकांनी ते उचलून धरलं.

दीड महिना दादा माझ्याशी बोलला नाही. मुलीनं फोनवर सांगितलं की कोणीतरी वॉटर्लूचं विचारलं तर "खोटं होतं ते सगळं" एवढंच म्हणून बाबा गप्प बसले. ते ऐकून आधी मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. बरं वाटणं संध्याकाळपर्यंतच टिकलं.

त्यानंतर एका दुपारी वहिनी एकटीच बस पकडून माझ्याकडे आली. गुडघे धरत तीन मजले चढून आली होती. पाणी प्यायली आणि सरळ विषयाला हात घातला.

"वन्सं, तुम्हाला आठ वर्षं मिळाली होती. मला एक रविवार मिळाला. तोही तुम्ही घेतलात."

"घेतला," मी म्हणाले. "तेव्हाही, आणि परवाही."

"तेव्हाचं मी सोडून दिलं होतं. परवाचं नाही सोडलं." तिचा आवाज चढला नव्हता. "तीस वर्षं मला वाटायचं, आपण खरंच जिंकलो असतो का? प्रशियन आल्यावरही तोंड दिलं असतं का? कोणाला विचारू? ह्यांना विचारायची सोय नव्हती. तुम्हाला विचारलं तर तुम्ही मान फिरवायचात."

मला हे कधी सुचलं नव्हतं. तिला ते कौतुक गोडच लागत असणार, असं मी धरून बसले होते.

"रविवारी या," ती उठत म्हणाली. "मी तक्ते खाली काढायला लावलेत."

"दादा?"

"त्यांना मी सांगितलंय. ते तुमच्याशी बोलणार नाहीत म्हणालेत. खेळतील."

रविवारी गेले. सैनिकांचा रंग पुष्कळ ठिकाणी उडाला होता. दादानं खरंच एक शब्द काढला नाही, फक्त पट्टी माझ्यापुढे सरकवली. वहिनी फ्रेंच, तो इंग्रज, मी प्रशियन. या वेळी फासा पटाच्या मधोमध टाकायचा, असं त्यानं कागदावर लिहून ठेवलं होतं. माझ्या पाचव्या फाशाला मी पटावर आले.

वहिनीनं मला तासभर अडवलं. राखीव सैन्य वळवून पटाच्या पूर्वेकडच्या गावाच्या तोंडाशी लावलं आणि तीनदा मागे रेटलं. चौथ्यांदा तिचं काही चाललं नाही. ती हरली.

मला वाटलं होतं ती हसेल, शंकेचं निरसन झालं म्हणून. ती हसली नाही. तिनं ओठ घट्ट मिटले आणि सैनिक एकेक करून डब्यात टाकायला लागली, टाकायलाच, ठेवायला नव्हे. जेवताना कोणाशी बोलली नाही. आमटी वाढताना माझ्या पानात जरा उंचावरूनच वाढली. इतक्या वर्षांत मी तिला जळताना पाहिलं नव्हतं. मला ती एकदम ओळखीची वाटली.

"मीठ दे," दादा माझ्याकडे न बघता म्हणाला. दीड महिन्यानंतरचा तो पहिला शब्द. मी मीठ दिलं.

निघताना वहिनी दारापर्यंत आली. "पुढच्या रविवारी मी इंग्रज घेणार," ती म्हणाली, "ह्यांना प्रशियन देऊ. बसू दे झाकण घेऊन."

"आणि नेपोलियन?"

"तुम्ही. आणि त्या वाडीवर गेलात तर बघा."

दादाला कोपऱ्यात बसवून आम्ही दोघी समोरासमोर बसणार, हे ऐकून मला बरं वाटलं. पण बसस्टॉपवर उभी असताना डोक्यात आलं, इंग्रज आणि प्रशियन एकाच बाजूचे, म्हणजे आठवडाभर संध्याकाळी ते दोघं पुन्हा नकाशा घेऊन बसणार. आणि तो मिशी चावायला लागला की ते तिलाच दिसणार, मला नाही.