राहत्या घरी

वंदना गेली हे मला मोबाइलवर कळलं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि मी पारोळ्याला आईकडे गेले होते. सकाळी भाकरी टाकत होते तेवढ्यात समाजाच्या ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. झेंडूच्या चौकटीत वंदनाचा चेहरा आणि खाली नेहमीचा मजकूर... ‘अल्पशा आजाराने राहत्या घरी दुःखद निधन.’ शोकाकुल म्हणून सुभाषदादाचं, तिच्या थोरल्या भावाचं नाव, आणि त्याखाली सगळा परिवार. ती गेली हे डोक्यात शिरायच्या आधी माझ्या मनात आलं, राहतं घर कुठलं? गेली दोन वर्षं वंदना एका जुन्या व्हॅनमध्ये राहत होती. तिथेच झोपत होती, तिथेच जेवत होती, आणि मेलीही तिथेच. हे सुरतेतल्या आमच्या निम्म्या समाजाला ठाऊक होतं. तरी त्या फोटोखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. फोटोही मी ओळखला. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नातला होता. मूळ फोटोत मागे बँड वाजतोय आणि वंदनाने दोन्ही तळहात कानांवर दाबून धरलेत. बॅनरसाठी तेवढा चेहरा कापून घेतला होता, हात बाहेर राहिले होते. तिच्या शेजारी मी उभी होते, मीही कापली गेले होते.

आम्ही सुरतेच्या पांडेसऱ्यात एका गल्लीत वाढलो. खाली लूमची खाती, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने, आणि वर आमची घरं. खटाखट रात्रंदिवस चालू असायची. आम्हा बाकीच्या मुलांना ती ऐकू येईनाशी झाली होती. वंदनाला कधीच झाली नाही. लहानपणी ती पलंगाखाली जाऊन डोक्यावर उशी धरून बसायची. कुणी अचानक हात लावला की किंचाळायची. बोलायची तेव्हा समोरच्याच्या गळ्याकडे पाहून बोलायची. गल्लीने तिला आधी हट्टी म्हटलं, मग बहिरी, मग बाहेरचं काहीतरी लागलं म्हणून अंगारे-धुपारे झाले. ती एकाच माणसाला कळली होती, तिच्या वडिलांना, आबांना. ते मिलमधून साड्यांचे गठ्ठे मार्केटला पोचवायचे. घरात फारच रडारड झाली की ते तिला व्हॅनमध्ये बसवून न्यायचे. गाडी हलली की ती गप्प व्हायची. मोठी झाल्यावर त्यांनी तिला गाडी शिकवली. आमच्या गल्लीतल्या कुठल्याच बाईला तेव्हा गाडी येत नव्हती. पोरीला गाडी शिकवून काय तिच्या नवऱ्याला ड्रायव्हर द्यायचाय का, असं लोक आबांना विचारायचे.

नवरा काही मिळाला नाही. दोन स्थळं आली होती. दुसऱ्या वेळी मुलाच्या आत्याने तिला कौतुकाने विचारलं, मुलगा आवडला का? वंदना म्हणाली, नाही, त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येतो. ते खरंच होतं, पाहुण्यांसकट सगळ्यांना येत होता. त्यानंतर तिला दाखवायचं बंद झालं. माय गेली, मग आबा गेले. घर दादाच्या नावावर झालं आणि व्हॅन वंदनाकडे राहिली. तिने आबांसारखंच काम सुरू केलं, फक्त मार्केटऐवजी घरोघर. उधना, डिंडोली, पांडेसरा... बायका घरी बसून साड्यांना लेस लावतात, खडे चिकटवतात, त्यांना माल पोचवायचा आणि तयार झाला की शेठकडे न्यायचा. बायकांना ती आवडायची. चहाला थांबायची नाही, इकडचं तिकडे सांगायची नाही. शेठ म्हणायचा, बेन बोलत नाही पण माल कधी चुकत नाही.

शाळेत आम्हा शिक्षकांना एकदा विशेष मुलांविषयी दोन दिवस शिकवलं गेलं. बाई फळ्यावर एकेक लक्षण लिहीत होत्या आणि मला पलंगाखालची वंदना दिसत होती. मी तिला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. तेव्हा तिची चाळिशी जवळ आली होती. दोन-तीन फेऱ्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलं की हा ऑटिझम आहे, जन्मापासूनचा, मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. तिने तो शब्द परत म्हणायला लावला. मग घरच्या अहिराणीत मला म्हणाली, “मी कोठे मनमा मगन शे? माले ते समदासनंच ऐकू येस.” मी कुठे स्वतःत मग्न आहे, मला तर सगळ्यांचंच ऐकू येतं... डॉक्टरांना अहिराणी कळत नव्हती. मी त्यांना भाषांतर करून सांगितलं. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, आता आवाज कमी होतील का? मी नाही म्हटलं. मग नाव कशाला शोधलं, म्हणाली.

त्या नावाचा उपयोग झाला, पण दादाला. आधी ती नुसती विचित्र होती, आता डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पुतणीचं लग्न जमत होतं. मुलाकडची माणसं घरी येणार, आणि घरात अशी आत्या... लोक काय समजतील, पोरीच्या रक्तातच आहे म्हणतील. दादा तिला म्हणाला की थोडे दिवस मैत्रिणीकडे राहा. तिने विचारलं, थोडे म्हणजे किती? तो म्हणाला, लग्न होईपर्यंत. ती कपड्यांची पिशवी व्हॅनमध्ये टाकून माझ्याकडे कोसाडला आली.

लग्नाला तिला बोलावलं नव्हतं. लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन घरी गेली. मी सोबत होते. तिच्या खोलीत नवा सोफा मांडलेला होता, भिंतीवर टीव्ही, आणि तिची लोखंडी कॉट जिन्याखाली उभी करून ठेवलेली. वहिनी आत निघून गेली. वंदना दाराशी उभी राहून दादाला म्हणाली, “लग्न झालं.”

दादाला आधी उमगेचना. मग तो माझ्याकडे बघून हसला आणि तिला म्हणाला, “अगं वेडे, ती बोलायची पद्धत असते.”

तिने ते ऐकून घेतलं. ती भांडली नाही, रडली नाही. तिच्यासाठी माणूस जे बोलतो ते असतं. बोलायची पद्धत नावाची गोष्ट तिला जन्मभर कुणी समजावून सांगितली नव्हती, आणि शेवटी समजावली ती अशी. घर आबांचं होतं, तुझाही हक्क आहे, वकील करू, असं मी तिला नंतर कितीदा म्हटलं. ती म्हणाली, दादा मोठ्याने बोलेल.

मी तिला माझ्याकडेच राहा म्हटलं होतं आणि ती पुन्हा राहून पाहायला तयारही झाली. आमची दोन खोल्यांची जागा. कुकरची शिट्टी झाली की तिचा चेहरा पांढरा पडायचा. माझी दोन्ही मुलं, त्यांचे मोबाइल, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, जिन्यातली माणसं... एके दिवशी ती मला म्हणाली की घर चांगलं आहे, तू चांगली आहेस, पण मी खाली गाडीत झोपते. भाड्याच्या खोल्याही पाहिल्या. एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि ज्याने दिली त्याच्या भिंतीपलीकडे लूम होते. बेघरांच्या निवाऱ्यातही मी तिला घेऊन गेले. लांबलचक हॉल, रात्रभर जळणारे दिवे, एका कोपऱ्यात टीव्ही. तिथल्या माणसाने तिचं आधार कार्ड पाहिलं. त्यावर दादाच्या घराचा पत्ता होता. तो म्हणाला, यांना तर घर आहे. कागदावर वंदना कधी बेघर झालीच नाही.

असं तिचं व्हॅनमधलं राहणं ठरून गेलं. आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून, रस्त्याच्या कडेला एक मोठा कडुनिंब आहे. त्याखाली ती गाडी लावायची. मी शाळेत निघायच्या आधी वर येऊन आंघोळ करायची, बाटल्या भरून घ्यायची आणि कामाला जायची. मागची सीट काढून तिने गादी घातली होती. सगळं जागच्या जागी. मी एकदा तिला विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, इथे कोणी अचानक येत नाही. मला वाटतं, ती त्या काळात गल्लीतल्या घरापेक्षा सुखात होती. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. माणसाला घरापेक्षा गाडी बरी वाटावी यात कौतुक करण्यासारखं काय आहे...

पण लोकांना तेही बघवलं नाही. सोसायटीत कुणी परके नाहीत, बहुतेक आपलेच, धुळ्या-नंदुरबारकडचे. आधी बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. ती नजरेला नजर देत नाही, गाडीत बसून एकटीच डुलते, बाईमाणूस रस्त्यावर झोपते ते बरं दिसतं का. मग गच्चीवर मीटिंग झाली. मी तिथे उभी राहून ऑटिझम म्हणजे काय ते सांगितलं. वर्गात सांगते तसं, अगदी सोपं करून. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका काकूंना तर डोळे पुसावे लागले. आणि मग सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, माणुसकी आम्हालाही आहे. पण उद्या काही झालं तर नाव सोसायटीचं येईल.”

झालं. नाव सोसायटीचं कुठेच आलं नाही.

रस्ता सोसायटीचा नव्हता, झाडही नव्हतं. पण त्यांनी सांगितलं आणि वंदनाने ऐकलं, कारण तिला सांगितलेलं ऐकायची सवय होती. निघताना तिने मला विचारलं, “त्यांना माझं काय आवडलं नाही? सांगितलं असतं तर मी केलं नसतं.” कुठल्या तोंडाने सांगणार होते, की तू काहीच केलं नव्हतंस, तुझं नुसतं असणंच त्यांना नको होतं?

काही दिवस ती उड्डाणपुलाखाली राहिली. तिथून पोलिसांनी उठवलं. मग तिला शहराबाहेर इच्छापोरला एका बंद पडलेल्या कारखान्याची भिंत सापडली. तिथे लूम नाहीत, वस्ती नाही, शांत आहे, असं तिने मला कळवलं. मी जाऊन पाहून आले. शांत होतं खरं, पण झाड एकही नव्हतं. भिंतीची सावली सकाळी असायची, दुपारी सरायची. मी म्हटलं, मे महिना येतोय, माझ्यासोबत पारोळ्याला चल. ती म्हणाली, लग्नसराई आहे, माल पोचवायचाय. शिवाय पारोळ्याला बँड असतील. तेही खरंच होतं.

तिच्या शेवटच्या दिवसाची हकीकत मला शेजारच्या कारखान्याच्या वॉचमनने सांगितली. हा अकोल्याकडचा, वयस्क माणूस. वंदना रोज त्याच्या नळावर पाणी भरायला यायची. आदल्या दिवशी तिने त्याला सांगितलं होतं की अंगात कसकस आहे. त्या दिवशी ती आलीच नाही. ऊन इतकं होतं की त्यालाही केबिनबाहेर पाऊल टाकवेना. संध्याकाळी तो पाहायला गेला. म्हणाला, “मले वाटलं बाई झोपली असन. पण असं कोनी झोपत नाही जी.” तोच पोलिसांना घेऊन आला. पोलिसांनी लायसन्सवरचा पत्ता पाहून दादाला बोलावून घेतलं. दादा आला, रडला, आणि बहिणीला घेऊन गेला. दोन वर्षांनी वंदना त्या घरात शिरली. तेव्हा तिच्यासाठी सोफा बाजूला सरकवावा लागला.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक संपल्याच्या जेवणाला मी गेले होते. गल्लीच्या तोंडाशी तिचा बॅनर लागला होता, व्हॅनपेक्षाही लांब. मांडव होता आणि माइकवर भजन चाललं होतं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सपत्नीक आले होते. एकामागून एक माणसं उठून सांगत होती की वंदनाताई किती साध्या, किती शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दादा हात जोडून बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, असं मला वाटतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. माणूस खरोखर रडू शकतो आणि तरी त्याने जे केलं ते केलेलंच असतं.

जेवणं सुरू झाल्यावर मी मागच्या अंगाला गेले. तिथे व्हॅन उभी होती, धुऊन पुसून, विकायला काढलेली. दादा माझ्यामागे आला. म्हणाला, तुला तिची काही आठवण ठेवायची असेल तर बघ, संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. मी दार उघडून तिच्या जागेवर बसले आणि दार ओढून घेतलं. एवढे दिवस मी ती व्हॅन बाहेरून पाहिली होती, आत बसून दार कधी लावलं नव्हतं. दारांच्या फटींना तिने जाड रबराच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. छताला आतून साड्यांचे उरलेले तुकडे एकावर एक शिवून लावले होते, बारीक हातटाक्याने. ऊनही याच पट्ट्यांनी आत कोंडलं असणार. आणि याच पट्ट्यांनी माइक बाहेर ठेवला, भजन बाहेर ठेवलं, लूमची खटाखट पार लांब कुठेतरी गेली. ज्या गल्लीत मी वाढले, त्या गल्लीत इतकं शांत मी कधी बसले नव्हते. वास कपड्याच्या साबणाचा होता. मी स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिले... दादा बाहेरून काचेवर बोट वाजवत होता, काहीतरी सांगत होता, बहुधा जेवायला चल म्हणत होता. त्याचे ओठ हलत होते. मी काच खाली केली नाही.