वरवरचा डाख

ऐंशीच्या सुमारास साकोलीत माझा दातांचा दवाखाना होता. नागपूरला काम पाठवलं की पंधरा दिवस जात, म्हणून धातूचे दात एकमेकांना जोडायला वितळलेल्या धातूचा डाख मी स्वतःच देई.

एका शेतकरीण बाईंचे तीन दात असेच जोडले. कंटाळा केला, सांधा नीट साफ न करताच ज्योत धरली. डाख आत उतरलाच नाही, वरच चिकटून बसला. मला ते दिसलं होतं. तरी त्यावरून पॉलिश फिरवलं आणि दात बसवून दिले.

महिन्याभरात सांधा तुटला. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “चुकी माझीच हाय जी. तुमी नाही म्हणलं तरी मी फुटाने खाल्ले.”

“मग सांगितलेलं ऐकायचं असतं,” असं मी वर त्यांनाच सुनावलं. दुसऱ्यांदा मात्र डाख असा पक्का दिला, की फुटाणेच काय, सुपारी फोडली तरी हलू नये. पण ते त्यांना सांगितलं नाही.

काही वर्षांनी त्या आठवडी बाजारात भेटल्या. नातीने फुटाण्यांचा पुडा पुढे केला, तर तिचा हात मागे सारून म्हणाल्या, “डाक्टरसायबानं मले मनाई केली हाय. तवापासून एक दाना तोंडात नाही टाकला.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाबासकी दिल्यासारखी मान हलवली.