पुढे चाललेला रेनकोट

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि वाचून झाल्यावर बहुतेकांना मनातल्या मनात नापास करते. सवयच आहे ती. मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझं निम्मं आयुष्य गेलं. मायक्रोस्कोपखाली दिसेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा! सासूबाई अमावास्येला नारळ ओवाळून टाकायच्या, तेव्हा मी हळूच म्हणायचे, "आई, टाकण्यापेक्षा चटणी करू या का?" म्हणजे बघा. भूत, आत्मा, संकेत वगैरे गोष्टींवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आणि आज आहे का म्हणाल तर तेही मला धड सांगता येणार नाही. तरी लिहितेय, कारण हे माझ्याच बाबतीत घडलं. भर दुपारी, लंडनच्या रस्त्यावर, माणसांच्या गर्दीत...

१९८८चा मे महिना होता. आमचे हे अ‍ॅनेस्थेटिस्ट, भूल देणारे डॉक्टर. इंग्लंडमध्ये येऊन दहाएक वर्षं उलटली होती, पण ऑन-कॉल, परीक्षा आणि मुलीची शाळा यांतून आम्ही लंडनसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. पुण्याहून नातेवाईक यायचे, दोन आठवड्यांत अख्खा युरोप उरकायचे आणि परत जाताना आयफेल टॉवरचे फोटो आम्हालाच दाखवायचे! त्यात फेब्रुवारीत ह्यांच्या पोटातला अल्सर फुटून बराच रक्तस्राव झाला. रक्त चढवावं लागलं. त्यातून उठल्यावर मीच फर्मान काढलं, की आता सुट्टी घ्यायची. तीन दिवस लंडन, मग बोटीने पॅरिस आणि तिथून अ‍ॅम्स्टरडॅम. मुलगी मैत्रिणीकडे राहायला गेली आणि आम्ही दोघंच निघालो, लग्नानंतर पहिल्यांदाच.

लंडनला उतरलो इल्फर्डला, माझी कॉलेजची मैत्रीण वसू हिच्याकडे. वसूला गर्दीतल्या पाकीटमारांची भारी धास्ती. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "हे बघ, पासपोर्ट, तिकिटं, पैसे, सगळं तुझ्या पर्समध्ये ठेव. पुरुषांचे खिसे म्हणजे चोरांना आमंत्रण!" मला ते पटलं. आपल्याकडे प्रवासात नाहीतरी सगळी तिजोरी बाईच्याच खांद्यावर असते. मी ह्यांच्या रेनकोटचे खिसे रिकामे केले आणि पाकीटसुद्धा काढून घेतलं. त्यांच्याकडे उरला एक नकाशा आणि एक रुमाल.

आता ह्यांच्या चालण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं त्यावरच आहे. हे नेहमी पुढे आणि मी मागे. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, डावा खांदा किंचित उतरलेला, आणि चालणं असं की जणू ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंट वाट बघतोय. मागे वळून बघायची पद्धत नाही. थांबायची तर नाहीच नाही. मी साडीवर कार्डिगन आणि पायात ट्रेनर्स अशा अवतारात "अहो, जरा हळू... अहो!" करत मागून धावायची. लग्नातली सप्तपदी सोडली तर आम्ही एकत्र पावलं टाकली नाहीत, असं मी सगळ्यांना सांगायचे. बेज रंगाच्या त्या रेनकोटची पाठ मला ह्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ होती.

आणि नाव घेऊन हाक मारायची सोय नव्हती. हसाल तुम्ही. शिकलेली, नोकरी करणारी, वर विलायतेत राहणारी बाई, पण नवऱ्याचं नाव एकदा उखाण्यात घेतलं तेवढंच. फोनवर, बँकेत, कुठेही मी "डॉक्टर" आणि पुढे आडनाव, एवढ्यावर निभावून न्यायचे. कुणाची सक्ती नव्हती हो, पण जीभच वळायची नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही टॉवर ऑफ लंडनला गेलो. राजमुकुट बघायला ही मोठी रांग. हे सकाळपासून जरा गप्पच होते. वसूने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्याही त्यांनी खाल्ल्या नाहीत. मला वाटलं, कंटाळले असतील.

"तू जाऊन ये," ते म्हणाले. "मी बसतो इथे बाकावर. मला काय त्या मुकुटाचं?"

"अहो, आपला कोहिनूर आहे त्यात!"

"मग माझा नमस्कार सांग त्याला."

मी गेले. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. कोहिनूर पाहिला, मनातल्या मनात दोन शब्द सुनावले आणि बाहेर आले, तर बाक रिकामा.

इकडे तिकडे बघते, तर बाहेर जायच्या दरवाज्याशी ह्यांची पाठ. तोच बेज रेनकोट, हात पाठीमागे, हातात गुंडाळलेला नकाशा. हे चक्क मला सोडून निघाले होते! असा संताप आला म्हणून सांगू... "अहो!" मी ओरडले. दोन जपानी बायका वळल्या, पण हे वळले नाहीत. मी पदर खोचला आणि निघाले मागून.

टॉवरच्या बाहेर चढ आहे. तो चढून ते ऑल्डगेटच्या दिशेने चालू लागले. मला वाटलं स्टेशनकडे चाललेत. पण स्टेशन डावीकडे राहिलं आणि हे सरळ पुढे. आमच्यामध्ये दोन बस मावतील एवढं अंतर होतं, आणि ते काही केल्या कमी होईना. मी धावले तरी तेवढंच, चालले तरी तेवढंच. सिग्नलला गाठीन म्हणावं, तर ते पोचताच हिरवा माणूस लागायचा आणि हे पलीकडे. ऑल्डगेटला तेव्हा रस्त्याखालून जायचे भुयारी मार्ग होते. तिथे मात्र ते दिसेनासे झाले. खाली चार दिशांना चार वाटा. आता कुठे शोधू, म्हणून मी मधोमध उभी राहिले, तर एका जिन्याच्या वरच्या पायरीवर तीच पाठ. उभी.

तिथे पहिल्यांदा मला कसंसंच झालं. कारण हे थांबले होते! मी जिना चढायला लागले तेव्हा ते पुढे निघाले. वरती माझ्या पोटात कळ आली, मी एका दुकानाच्या कठड्याला धरून दम घेत उभी राहिले. समोर बघते तर हेही थांबलेले, तेवढ्याच अंतरावर, तोंड पलीकडे करून. मी निघाले की निघाले. आमच्या अख्ख्या संसारात हा माणूस माझ्यासाठी रस्त्यात थांबला नव्हता.

व्हाइटचॅपलचा रस्ता लागला. साड्यांची दुकानं, बंगाली पाट्या, फुटपाथवर भेंडी आणि कारल्यांचे ढीग. एरवी मी तिथे तासभर रमले असते. पण माझा राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्या जागी भीती आली होती. ह्यांना काहीतरी झालंय, डोक्यावर परिणाम झालाय, असं मला वाटायला लागलं. ठरवलं, आता नावानेच हाक मारायची. नाव अगदी ओठांपर्यंत आलं. आणि का कुणास ठाऊक, त्याच क्षणी असं वाटलं, की हा माणूस आत्ता वळता कामा नये. नक्को. मी तोंड मिटलं आणि नुसतीच चालत राहिले.

थोड्या वेळाने ते एका मोठ्या जुन्या हॉस्पिटलच्या आवारात वळले आणि कॅज्युअल्टीच्या दारातून आत गेले. मी मागोमाग पोचले. दार जड होतं, खांद्याने ढकलावं लागलं. आत खुर्च्यांवर पाचसात माणसं. बेज रेनकोट कुठेच नाही.

काउंटरवरच्या बाईला मी विचारलं, "माझे मिस्टर आत्ताच आत आले, कुठे गेले?"

ती म्हणाली, "नाही, लव्ह. आत्ता तुम्ही एकट्याच आलात." मग माझ्याकडे नीट बघत विचारलं, "तुमचे मिस्टर कसे दिसतात?"

मी वर्णन सांगितलं. रेनकोट, नकाशा, वय. तिचा चेहरा बदलला. ती फोनवर हळू आवाजात काहीतरी बोलली आणि मला म्हणाली, "व्हॉट्स हिज नेम, लव्ह? पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं. पहिलं नाव, मोठ्याने, परक्या बाईसमोर. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मी मुकुटाच्या रांगेत असताना हे बाकावरून खाली कोसळले होते. हार्ट अटॅक. टॉवरच्या लोकांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली होती. शुद्ध नव्हती, खिशात नाव-पत्ता असलेला एक कागद नाही. सगळं माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये! सोबत कुणी आहे हेही कुणाला माहीत नव्हतं. मी बाहेर येऊन रिकामा बाक पाहिला, त्याच्या कितीतरी आधी हे इथे पोचले होते.

मला आत नेलं. ट्रॉलीवर हे, अंगावर वायरी, तोंडावर मास्क. शेजारी एक तरुण डॉक्टर मुलगी इंजेक्शनची तयारी करत होती. कसलं इंजेक्शन, मी विचारलं. गुठळी विरघळवणारं, ती म्हणाली. तेव्हा ते औषध नवं नवं वापरात येत होतं. मी लॅबमधली बाई, मला ते ऐकून माहीत होतं. मी अक्षरशः तिचा हात धरला.

"थांबा! ह्यांचा अल्सर फुटला होता फेब्रुवारीत. रक्त चढवलंय!"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या औषधाकडे, आणि ते बाजूला ठेवलं. पेशंट बोलत नाही, नाव नाही, फाइल नाही, तिला बिचारीला कळणार कसं? नंतर ती मला म्हणाली, "ते दिलं असतं तर पोटातला रक्तस्राव आम्हाला थांबवता आला नसता. अगदी वेळेवर आलात. पण तुम्हाला कळवलं कुणी?"

माझी नजर ट्रॉलीखाली गेली होती. तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीत ह्यांचा रेनकोट होता. घाईत अंगावरून काढताना कात्रीने कापलेला, पाठीतून सरळ दोन तुकडे.

हे वाचले. पॅरिसची तिकिटं वाया गेली, वसू रोज इल्फर्डहून मऊ भात घेऊन यायची. बरे झाल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, तू मला शोधत होतीस. तसा रेनकोट लंडनमध्ये हजारोंकडे असेल. तू कुणाच्या तरी मागे गेलीस."

"आणि त्या हजारांतला तो एकच नेमका तुमच्या हॉस्पिटलात शिरला?"

"योगायोग."

"आणि थांबत होता तो माझ्यासाठी?"

त्यांना स्वतःला काहीही आठवत नव्हतं. बाकावर बसलो, छातीत दाटून आलं, पुढे अंधार, एवढंच. नंतर आम्ही पॅरिस केलं, रोम केलं. हे माझ्या शेजारून चालायला लागले होते. मला त्याची इतकी सवय नव्हती की माझंच पाऊल अडखळायचं, आणि मी ओरडायचे, "व्हा बघू तुम्ही पुढे!" तरी जायचे नाहीत. ती वर्षं फार चांगली गेली.

सत्त्याण्णवला मँचेस्टरमध्ये दुसरा अटॅक आला. चार दिवस मी त्यांच्या उशाशी बसून होते. पाचव्या दिवशी नर्स म्हणाली, "ते स्टेबल आहेत, घरी जाऊन अंघोळ करून या." ह्यांनीही हातानेच जा म्हणून खूण केली. मी गेले. परत येताना ट्राममध्ये होते, सकाळचे अकरा वाजले असतील, तेव्हा ते गेले. वॉर्डात पोचले तर पडदे ओढलेले.

त्या वेळी मला कुणी दिसलं नाही. ना ट्रामच्या खिडकीतून, ना स्टॉपवर, ना कॉरिडॉरमध्ये. आणि खरं सांगते, मी बघत होते. घरून निघाल्यापासून प्रत्येक पाठ बघत होते.

इतकी वर्षं मी असं धरून चालले होते, की तेव्हा लंडनमध्ये जे कुणी होतं ते मला वाट दाखवायला आलं होतं. मुलीलाही मी तसंच सांगितलं. पण आता एकटी असते, झोप लागत नाही, तेव्हा दुसरंच काहीतरी मनात येतं. ते मला वाट दाखवत नव्हते. ते निघाले होते. मी रागारागाने मागे लागले, "अहो, अहो" करत राहिले, आणि मला टाकून पुढे जाणं त्यांना जमेना म्हणून ते थांबत गेले आणि शेवटी परत फिरले. दुसऱ्या वेळी मागे कुणीच नव्हतं. मी ट्राममध्ये होते, केस अजून ओलेच.

यातलं खरं काय, मला माहीत नाही. मी आयुष्यभर रिपोर्टवर सह्या केल्या, याच्यावर मात्र काय लिहावं ते कळत नाही. एवढंच सांगते, की त्यांनी हाताने जा म्हटलं तेव्हा मी जायला नको होतं.